सुताराचा वायदा

सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांच्या संगतीला लागू नको, असे बजावणारी एक म्हण तुम्हां-आम्हां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. ती ज्याने कोणी रचली त्याने सुताराला तेवढे कसे वगळले, याचे मला नवल वाटते. कदाचित त्याने स्वतःचा पलंग करायला टाकलेला असेल आणि तो अजून हाती यायचा असेल! अशा वेळी सुताराचे नाव कोण बरे घेईल?

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही गावात जा. लगीनघर असले की असले बोलणे कानी पडायचेच.

“काय गा वाढई, झालं का आमचं कपाट?”

“झाल्यातच जमा हाय पाटील. पालीश तेवढं राह्यलं.”

“मांगच्या बुधवारी बी हेच म्हणलं होतं.”

“काय सांगू बाप्पा, लाकूडच भेटलं नाही ना वेळेवर.”

पालिश तेवढे राहिलेल्या कपाटाचे लाकूड अजून मिळायचे आहे, हे पाटलांच्या ध्यानात येत नाही असे नाही. पण इसाराचे पैसे देऊन बसलेला माणूस बोलणार काय? तो मुकाट्याने घरी येतो. लग्न पार पडते, वरात जाते, आणि कपाट मागाहून महिन्याने बंडीत घालून पोचवावे लागते. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कपाटाच्या दाराला बोटभर चीर पडते. मग सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

शेतकरी बंधूंनो आणि गुरुजनहो, हा वायदा चुकण्याचा आणि काम कच्चे निघण्याचा प्रकार आजचा नाही. त्याला मोठा इतिहास आहे. तो इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. सुतार पूर्वी प्रामाणिक होता आणि आता बिघडला, असे काही झालेले नाही. झाले ते एवढेच की पूर्वी काम आधी आणि मोबदला मागून असे. पुढे पैसा आधी आणि काम मागून असे झाले. दोर एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

फार जुन्या काळापासून सुरुवात करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती लागली आणि १९०९ साली तो ग्रंथ छापून निघाला. त्याच्या चौथ्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय कारागिरांपासून लोकांचे रक्षण कसे करावे यावर आहे. म्हणजे पाटलांची तक्रार किती जुनी आहे पाहा! कारागिराने ठरल्या जागी, ठरल्या वेळात, ठरले तेच काम करावे, असे कौटिल्य सांगतो. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितले एक आणि केले दुसरेच, असे झाले तर सगळी मजुरी बुडाली, वर तिच्या दुप्पट दंड. मात्र काही आपत्ती कोसळल्यामुळे उशीर झाला असेल तर उशिराच्या दंडातून सूट आहे. ही सूट मला फार शहाणपणाची वाटते. आणखी एक तरतूद तिथे आहे. कारागिराकडे लोक जो माल ठेव म्हणून देत, त्याला त्याच्या श्रेणीचा, म्हणजे त्या धंद्यातल्या संघाचा, आधार असे. कारागिराचे काही बरेवाईट झाले तर ती ठेव श्रेणीने भरून द्यायची. एकट्या माणसाच्या शब्दावर सारा भरवसा टाकायचा नाही, ही त्यातली मेख.

आपल्या खेड्यांत ही श्रेणी नव्हती. तिथे बलुतेदारी होती. सुतार-लोहार ही बलुतेदारांतली मोठ्या मानाची माणसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. गुरुजींनी ते अवश्य वाचावे. आत्रे सरकारी नोकरीतले, देशावरचे. त्यांनी बलुत्याचे गोडवे गायिलेले नाहीत. या मंडळींचा कुणब्यावर कसा भार पडतो, हे त्यांनी चांगले खडसावून लिहिले आहे. तेव्हा जुन्या काळी सगळे कसे वेळेवर आणि चोख होत असे, असे कोणी सांगू लागले तर हसून सोडून द्यावे.

तरी त्या व्यवस्थेत एक गंमत होती. सुताराने वर्षभर औते दुरुस्त करायची, तिफण जुळवून द्यायची, वखराची, डवऱ्याची लाकडे बदलायची. आणि सुगी आली की खळ्यावर जाऊन आपले बलुते न्यायचे. ज्याची औते जास्त त्याने धान्य जास्त द्यायचे. काम आधी, ज्वारी मागून. ज्याचे काम सुताराने रखडवले तो खळ्यावर हात आखडता घेई. ज्याने खळ्यावर हात आखडला त्याची तिफण पुढच्या मृगाच्या तोंडावर सुताराच्या अंगणात तशीच पडून राही. दोघांच्याही हातात दोर होता, आणि दोघांनाही उद्या त्याच गावात तोंड दाखवायचे होते. सुताराला त्यात दुःखे नव्हती असे नाही. आपल्या कामाचा भाव त्याला ठरवता येत नसे, आणि दुसऱ्या गावी जाऊन काम धरावे तर तिथला हक्क दुसऱ्याचा.

बलुत्यात येई ते शेतीचे काम. नवी बंडी, घराची चौकट, दार, पाळणा, बंगई ही कामे वेगळी; त्यांचा मोबदला वेगळा ठरे. आणि त्यांचे लाकूड बहुतकरून घरधन्याचेच असे. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कारण मालाच्या बऱ्यावाईटाचा अर्धा प्रश्न तिथेच मिटत असे. धुऱ्यावरची बाभूळ कोणत्या साली तोडली, ती किती दिवस नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवली, मग किती दिवस गोठ्याच्या आढ्यावर सुकत टाकली, हे धन्यालाच ठाऊक. पाण्यात ठेवलेल्या लाकडातला सत्त्वांश निघून जातो आणि त्याला कीड कमी लागते, हे शास्त्र पुस्तकात न वाचता आपले आजे-पणजे जाणून होते. आसाला धावडा, जुवाला तिवस, चाकाला बाभूळ, आणि दाराला साग, हेही त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. लाकूड आपले असल्यावर ते कच्चे निघाले म्हणून सुताराच्या नावाने बोटे मोडता येत नसत.

शिवाय तेव्हा घरात लाकडी सामान ते किती? पाट, चौरंग, देव्हारा, एखादी पेटी, सुतळीने विणलेली बाज. देशमुखाच्या वाड्यात सागाचे कोरीव खांब आणि झोपाळा असेल. कुणब्याच्या घरी बाजेवरच सारा कारभार. टेबल, खुर्ची, कपाट, आरशाचे मेज ही मंडळी वऱ्हाडात आली ती कचेरीच्या आणि शाळेच्या मागोमाग.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आपल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. पाठोपाठ अकोला, बडनेरा करीत रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. गावागावांत रोकड खुळखुळू लागली. ज्याच्या गाठीला रोकड आली त्याला बाजेऐवजी पलंग हवासा वाटला, त्यात अस्वाभाविक काय? वकील आले, अडते आले, जिनिंगचे मालक आले. त्यांना खुर्च्या हव्या, टेबले हवी. हे काम बलुत्यात बसणारे नव्हते, आणि हे गिऱ्हाईक गावातले नव्हते. त्याला खळे नाही, सुगी नाही. तो पैसे देणार. पण सुताराला आता सागवान विकत आणावे लागे, आणि त्याच्या घरात तेवढे भांडवल कुठले? म्हणून त्याने आधी पैसे मागितले. इसार आला तो असा, निव्वळ गरजेपोटी.

या ठिकाणी मला एक खंत नोंदवावीशी वाटते. कापसाच्या व्यवहारात लबाडी होते, वजनात मारतात, दलाली भलतीच घेतात, हे लक्षात आल्यावर आपल्याच वऱ्हाडात बाजाराला नियम घातले गेले. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला. (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात मोडते.) १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. म्हणजे शेतकऱ्याने कापूस विकताना त्याला कोणी फसवू नये यासाठी वऱ्हाडाने सगळ्या देशाला वाट दाखवली. पण त्याच कापसाच्या पैशाने तो पलंग घ्यायला गेला, तर तिथे ना काटा, ना माप, ना नियम. तिथे फक्त वायदा.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र नाही. केले ते भलतेच. १८५९ साली एक कायदा झाला. आगाऊ पैसे घेऊन जो कारागीर किंवा मजूर जाणूनबुजून काम करणार नाही, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे खेचावे. पैसे परत कर नाहीतर काम पुरे कर असा हुकूम व्हावा. आणि तोही मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी! हा कायदा मुळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी होता, पण तो इतर भागांना लावण्याची मुभा सरकारने ठेवली होती. त्याचा दुरुपयोग फार झाला. मळेवाल्यांनी मजुरांना आगाऊ रकमेत गुंतवून जखडून टाकले. शेवटी १९२५ साली तो रद्द करण्याचा कायदा झाला. पैशाच्या देण्याघेण्याचा तंटा, आणि त्यापायी सुताराने दगड फोडायचे, यात न्याय कसला? बरे, गिऱ्हाइकाने सहा महिने पैसे थकवले तर त्याला तुरुंग दाखवणारे कलम त्या कायद्यात नव्हते.

त्याच १८५९ साली तिकडे व्हिएन्नात मिखाएल टोनेट नावाच्या कारखानदाराने एक खुर्ची बाजारात आणली. वाफेवर लाकूड वाकवून केलेले सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. तुकडे सुटे करून भरले तर एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. सांगायचे, थांबायचे, खेटे घालायचे, काही नाही. पैसे टाका आणि खुर्ची उचला. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या दिसतात त्या याच घराण्यातल्या. एका देशात वायदा चुकवणाऱ्याला तुरुंग सापडला, दुसऱ्या देशात वायद्याची गरजच राहू नये अशी युक्ती निघाली.

आता आपण लाकडाकडे वळू, कारण उशिराचे आणि कच्चेपणाचे खरे मूळ तिथे आहे. आपल्याकडचा साग मुख्यतः मेळघाटचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जंगल सरकारने राखीव केले. कुऱ्हाड घेऊन जावे आणि झाड आणावे, हे दिवस संपले. १९७४ च्या सुमारास मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला, तेव्हा तोड आणखी आवळली. परतवाडा ही सागवानाची जुनी पेठ. तिथल्या डेपोत लिलावाने नग घ्यायचा, त्यावर हातोड्याचा शिक्का पाहायचा, वाहतुकीचा परवाना काढायचा, मग आरा मशीनवर चिरायचा. लहान सुताराला लिलावातला नग परवडत नाही. तो व्यापाऱ्याकडून फळ्या घेतो. व्यापारी त्या किती दिवस सुकवलेल्या देतो? आज चिरल्या, उद्या विकल्या.

एक इंच जाडीची फळी सावलीत, हवेशीर, मध्ये पट्ट्या ठेवून रचली तर नीट सुकायला साधारण वर्ष लागते, असा जुना ठोकताळा आहे. आपल्या कोरड्या हवेत थोडे लवकर होत असेल, पण महिने लागतातच. ब्रह्मदेशात तर झाड उभे असतानाच बुंध्याला गोल खाच पाडून दोन-तीन वर्षे तसेच वाळू देत, तेव्हा ते नदीतून तरंगत नेता येई. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवेत ओलावा म्हणून राहत नाही. श्रावणात तीच हवा भिजलेल्या फडक्यासारखी. ओल्या फळीचे कपाट अशा हवामानात ठेवले तर पावसाळ्यात त्याचे दार बसत नाही आणि उन्हाळ्यात त्यातून उजेड दिसतो. साग इतर झाडांपेक्षा कमी आकसतो, हे खरे. पण सुकलेला साग. झाडाच्या बाहेरच्या अंगाचे पांढरट लाकूड मध्ये आले तर त्याला भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुगा पडू लागतो. पालिशचा हात फिरल्यावर पांढरे कोणते आणि गाभ्याचे कोणते, हे तुम्हां-आम्हांला काय कळणार?

म्हणजे गंमत पाहा. आपण सुताराला दोन दोष लावतो, उशीर करतो आणि काम कच्चे करतो. पुष्कळदा हे दोन दोष एकमेकांच्या उलट असतात. घाईने दिलेले कपाट तडकते. तुमच्या तगाद्याला भिऊन ज्याने कालची फळी आज रंधून दिली, त्याने वायदा पाळला आणि लाकूड फसवले.

आणि आपण तगादा कधी लावतो? वैशाखात. सुताराचे वर्ष कसे जाते याचा कोणी विचारच करीत नाही. चैत्र-वैशाखात लग्नसराई. त्याच वेळी मृग तोंडावर आलेला. तिफण, वखर, डवरे, बंडीचे चाक घेऊन अख्खे गाव त्याच्या दारात. ज्याची पेरणी अडली आहे त्याला सुतार आधी सोडवणार, आणि सोडवलेच पाहिजे. ट्रॅक्टर आल्यापासून हे काम कमी झाले, पण लग्नाची गर्दी वाढली. पावसाळ्यात हात मोकळा, तर लाकूड फुगलेले; चपड्याचे पालिश त्या हवेत पांढुरके पडते. पोळ्याच्या सुमारास तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करण्यात तो गुंतलेला. पोरांचे बैल उशिरा देऊन कसे चालेल? राहता राहिले दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस. तेव्हा सुतार मोकळा, हवा कोरडी, आणि नेमके तेव्हा आपल्याला कपाटाची आठवण होत नाही.

त्यात इसाराची गुंतागुंत. रामाच्या पैशात गोविंदाचे लाकूड येते, गोविंदाच्या पैशात गेल्या साली तडकलेल्या दाराची भरपाई होते, आणि पोराच्या दवाखान्यालाही त्यातूनच द्यावे लागते. एकदा हे चक्र सुरू झाले की नवी मागणी घेतल्याशिवाय जुनी पुरी होत नाही. म्हणून तो कोणाला नाही म्हणत नाही. दहा जणांना हो म्हणतो आणि दहा जणांचे रखडवतो. लबाडही असतात, नाही कशाला म्हणा. पण मी पाहिलेले बहुतेक सुतार लबाडीपेक्षा या चक्रात अडकलेले होते.

गिऱ्हाइकाने यावर आपल्यापुरता उपाय शोधला. गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटे करायला घेतली. पुढे लोखंडी कपाटाशिवाय लग्न लागेना. त्याला चीर पडत नाही, भुंगा लागत नाही, दुकानातून त्याच दिवशी घरी येते. मग प्लायवूड आले, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हाताने केलेले सागाचे काम मागणारे थोडे उरले, तसे ते करणारेही थोडे उरले. त्यामुळे आज चांगल्या सुताराकडे रांग पूर्वीपेक्षा लांबच झाली आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, तिच्यात सुतारकाम होते. पोरांनी रंधा हाती धरला असता तर निदान ओली फळी कोणती आणि सुकी कोणती, एवढे तरी गिऱ्हाइकाला कळते. शाळांतून ते टिकले नाही. असो.

मग आज दोर कोणाच्या हातात आहे? १८७२ चा करार कायदा अजून चालू आहे. वेळ हाच कराराचा गाभा आहे असे दोघांनी धरलेले असेल आणि ती वेळ टळली, तर गिऱ्हाइकाला करार मोडता येतो. ‘लग्नाच्या आधी’ असे स्पष्ट ठरलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू झाला आहे. जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीलाही आहे आणि अकोल्यालाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तुरुंगाची भाषा तिथे तक्रारीच्या पहिल्या पायरीला नाही; पैसे परत, दुरुस्ती, भरपाई असे तिथले निवाडे. पण आयोगापुढे ठेवायला कागद लागतो, आणि आपण कपाट सांगतो ते चहा पिता पिता, तोंडी.

गुरुजी, इथे तुमचे काम आहे. गावात कोणी लाकडी सामान सांगायला निघाला तर त्याला एक कागद लिहून द्या. लाकूड कोणते, गाभ्याचेच ना, फळीची जाडी किती, सांधे खाचेत बसवून पाचर मारायची की नुसते खिळे, माप किती, द्यायचे कधी. पैसे एकदम न देता तीन वेळा द्यावेत, असेही त्यात असावे. पहिला हप्ता लाकडापुरता. शक्य तर गिऱ्हाइकाने सुताराला बरोबर घेऊन लाकूड स्वतःच विकत घ्यावे आणि पावती आपल्या नावाची करावी, म्हणजे जुन्या धुऱ्यावरच्या बाभळीसारखे ते आपले झाले. दुसरा हप्ता सांगाडा उभा राहिल्यावर, पालिश चढण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून. थोडी रक्कम पुढचा एक उन्हाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. सुतार ओळखीचा असेल तर तो याला नाही म्हणत नाही. आणि गिऱ्हाइकाने हप्ता कोणत्या तारखेला द्यायचा, तेही त्याच कागदावर लिहा. १८५९ च्या कायद्यात तेवढेच राहून गेले होते.

वैशाखात लग्न असेल तर हा कागद दसऱ्याच्या आसपास व्हावा. दिवाळीपूर्वी फळ्या चिरून रचल्या जातील, माघापर्यंत सुकतील, फाल्गुनात सांधे बसतील आणि चैत्राच्या कोरड्या हवेत पालिश चढेल. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि एक प्रत सुताराच्या हाती द्यावी.